अर्थिंग

उलानबातर. बाहेर उणे एकतीस.
हवा इतकी कोरडी
की अंधारात स्वेटर काढताना
अंगभर निळी चिडचिड होते.

लुव्सानदोर्जने काउंटरवर एकेक भाग मोजून दिला :
मदरबोर्ड, दोन रॅम,
प्रोसेसर डबीत, अंडं हातात द्यावं तसा.
विचारलं, जोडणार कुठे?
म्हटलं, घरी. गेरमध्ये.
छपराला लोकर, भिंतीला लोकर, पायाखाली लोकर.
तो काही वेळ माझ्याकडे नुसता बघत राहिला.
मग गल्ल्याखालून एक मनगटपट्टा काढला,
पिशवीत टाकला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

"कडीला हात लावताना तुला चटका बसतो ना,
तेव्हा तुझ्या अंगात तीन-चार हजार व्होल्ट असतात.
ह्याला शंभरही पुरतात कधीकधी.
तुला कळणारसुद्धा नाही.
ह्यालाही लगेच कळेल असं नाही.
चालेल. छान चालेल.
मग एखाद्या मार्चमध्ये,
काही कारण नसताना..."
पुढचं त्याने बोटांनीच विझवून दाखवलं.

घरच्या सॉकेटला दोनच भोकं.
तिसरं, जमिनीचं, कुणी पाडलंच नाही.
लोखंडी कांब घेऊन अंगणात गेलो,
नऊ घाव घातले.
कांब बोटभरही आत गेली नाही,
शेजारच्यांची कुत्री मात्र सगळी जागी झाली.
इथली जमीन दीड पुरुष खोल गोठते,
मेपर्यंत कुणाचंच काही पोटात घेत नाही.

फोन केला : जमीन नाही मिळाली.
तो हसला. "नसू दे.
पट्ट्याची चिमटी कॅबिनेटच्या पत्र्याला लाव,
रंग नसलेल्या जागी.
तू आणि तो एका पातळीला आलात की झालं.
जमीन नाही म्हणून ठिणगी पडत नाही रे,
दोघांतल्या फरकाने पडते."

गालिचा गुंडाळला. खाली फळ्या टाकल्या.
दोन स्टुलांवर जुनं दार आडवं.
उन्हाळ्यातला सुती सदरा घालून अनवाणी बसलो, कुडकुडत.
चुलीवर किटली, झाकण काढून,
हवेला थोडी ओल यावी म्हणून.
आई हसली : आजारी पडशील, यंत्र मात्र ठणठणीत राहील.

मग ती जवळ आली,
मेंढीच्या कातड्याच्या झग्यात, लोकरीवरून पाय घासत,
बोर्डवरच्या तांब्याच्या रेषांकडे वाकली.
चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई.
"इतके बारीक टाके कुणी घातले?"
म्हणून बोट पुढे केलं

आणि मी ओरडलो, नको!

बोट हवेतच राहिलं.
किटली तेवढी बोलत होती.

बऱ्याच वेळाने म्हणाली,
"नव्या कोकराला असं आल्या आल्या धरत नाहीत, माहितेय मला.
माणसाचा वास लागला तर मेंढी हुंगते आणि लाथ मारते.
आधी हात तिच्याच पाठीवर घासायचे,
मग तिच्या पिलाला हात लावायचा."

तिने झगा उतरवून दाराशी टांगला.
उघडा तळवा कॅबिनेटच्या पत्र्यावर टेकवला,
पुरता, सावकाश.
"हीच ना ह्याची आई?"
चट् असा बारीक आवाज झाला. तिने हात काढला नाही.
मग दुसऱ्या हाताने रॅम उचलली,
न सांगता, कडांना धरून,
आणि खाचेत दाबली. दोन्ही बाजूंच्या कळा मिटल्या.

पहाटे तीनला पंखा फिरला, पडदा उजळला.
आई झोपली होती. मी उठवलं नाही.

पट्टा अजून मनगटावर होता.
त्या "नको"चा विचार करत बसलो.
आणि त्याआधीच्या कितीतरींचा :
बाहेरून तसाच घरात यायचो मी,
कशालाही हात न लावता,
आणि बोलायचो.
ती काही म्हणायची नाही. चहा पुढे करायची.
सगळं छान चालायचं.

मार्चला अजून सात आठवडे आहेत.